पंचमीला दिलेली गाडी परत घेऊन जाण्याबाबत

मु. खजुरी, ता. आळंद

श्री. लिंगराजअण्णा यांच्या सेवेशी,

खजुरीहून तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा शिवशंकरप्पा याचे वाकून शरणु शरणार्थी. इकडं सगळं क्षेम आहे, म्हणजे घरात मी एकटाच आहे आणि मला काही झालेलं नाही. तिकडं मैलूरला तुमचा गुडघा, नेत्रावतीवहिनींची शुगर आणि नव्या नातवाचं पोट ही तिन्ही आपापल्या जागी आटोक्यात असतील अशी आशा करतो. बाळाचं नाव काय ठेवलंत ते मला अजून कुणी कळवलेलं नाही. बारशाला मी निघालो होतो, पोचलो नाही, आणि का पोचलो नाही ते तुम्हाला एकाच बाजूनं कळलेलं असणार. दुसरी बाजू या पत्रात आहे.

हातात फोन असताना हा माणूस कागद कामून खराब करायलाय, असं तुम्ही म्हणाल. अण्णा, फोन करून करून माझं बोट झिजलं. सकाळी केला तर वहिनी म्हणतात, लक्ष्मम्मा लिंगपूजेला बसलीय. दुपारी केला तरी लिंगपूजेला बसलीय. संध्याकाळीही तीच पूजा चालू. (काम हाच कैलास असं ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय, त्या घरात एवढा वेळ पूजेला मिळतो कसा, हे एकदा मला समजून घ्यायचं आहे.) तुमची बहीण माझा फोन उचलत नाही याचं मला काही दुःख आहे असं समजू नका. मी तिची चौकशी करायला हे पत्र लिहायलो नाही. पत्राचा विषय गाडी आहे, तुमची गाडी. तरीपण पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचा, कारण तिचा चष्मा गाडीच्या खणात राहिलाय आणि तो माझ्याकडं आहे. कुठला भाग गाळायचा ते मी जागोजागी सांगतो.

गेल्या नागपंचमीला तुम्ही नवी गाडी घेतलीत आणि जुनी बहिणीला दिलीत. दिलीत ती काही गुपचूप नाही. किल्ली नारळावर, नारळ खणावर, खण ताटात, आणि ताट अख्ख्या गल्लीला दाखवून. मी मागं उभा होतो, माझ्या हातात कुणी विड्याचं पानसुद्धा दिलं नाही. धर्माची गाय अन् दात का न्हाई असं विचारू नये म्हणतात, म्हणून तेव्हा तोंड मिटून राहिलो. पण आता विचारतो. चांगली चालणारी वस्तू माणूस दुसऱ्याला देतो का? मी खतं-बियाणांच्या दुकानात उभं राहून जन्म काढलाय. जे पोतं लवकर खपवायचं असतं तेच मी पाहुण्यांना मायेनं देतो. माणसाचा स्वभाव तुम्ही मला शिकवू नका.

तुमच्या बहिणीला त्या गाडीत काय दिसलं देव जाणे. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची, पुढच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढायची, मग चहा. (माझ्या चहाला उशीर व्हायचा. माझी दुचाकी इतकी वर्षं अंगणात उभी आहे, तिच्यावर कधी पाण्याचा थेंब पडला नाही.) गाडीला सावली पाहिजे म्हणून तिनं गोठ्यातली म्हैस बाहेर काढून लिंबाखाली बांधली आणि गोठ्यात गाडी लावली. ही म्हैस तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नात तुमच्या अप्पांनी दिलेल्या म्हशीची ती नात. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही. एका शिंगाची आहे, दूध स्वतःच्या मर्जीनं देते, आणि गाडी आल्यापासून गाडीकडं बघून फुरफुरते. माहेराहून आलेल्या दोन वस्तूंचंसुद्धा आपापसांत पटत नाही, तर माझं त्यांच्याशी कुठून पटणार.

वेळ अमावस्येची शेतपूजा झाली, शेतात बसून भज्जी-आंबील खाऊन झाली, आणि तूर काढून खळ्यावर आली. मळणी यंत्रवाल्याकडं गेलो तर तो नवरदेवासारखा वागायला लागला. आज न्हाई उद्या, उद्या न्हाई परवा. तुम्ही शहरात राहता म्हणून सांगतो, आमच्याकडं लोक अशा वेळी तूर डांबरी रस्त्यावर अंथरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकाखाली दाणा मोकळा होईपर्यंत झाडाखाली बिड्या ओढत बसतात. परक्याच्या चाकावर एवढा विश्वास मला कधी जमला नाही. दारात घरची गाडी असताना मी परक्याची वाट कामून बघू? मी तूर आपल्याच खळ्यावर अंथरली आणि गाडी तिच्यावर घातली. पुढं, मागं, परत पुढं. भुसकट असं उडत होतं की समोरची काच पुसत पुसत चालवायला लागलं. पण तूर अशी स्वच्छ निघाली की यंत्रवाला स्वतः येऊन बघून गेला आणि तोंड पाडून गेला. अर्धी रास झाली, अर्धी अजून कापडाखाली झाकून ठेवली आहे. गावातल्या दोघांनी गाडी एका दिवसासाठी मागितली, मी दिली नाही. दुसऱ्याच्या वस्तूवर लोकांचा कसा डोळा असतो बघा.

लक्ष्मम्मा खळ्याच्या कडेला उभी होती. "ती माझ्या माहेरची गाडी हाय, बैल न्हाई," एवढं म्हणाली आणि घरी गेली. मी तिला समजावून सांगितलं की बैलाला चारा लागतो, गाडीला लागत नाही, म्हणजे उलट गाडीच बरी. तिनं ऐकून घेतलं नाही. ऐकून घ्यायची सवय तुमच्या घराण्यात कुणालाच नाही, तुम्ही हे पत्र शेवटपर्यंत वाचलंत तर मला नवल वाटेल.

आता बारशाचा दिवस. सकाळी निघालो. ती पुढं बसली होती, मांडीवर शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा. (तो डबा मला वाटेत उघडू दिला नाही. भावाच्या घरी पोचल्यावर आधी भावानं खायचं, हा कुठला कायदा आहे?) उमरग्याच्या पुढं हमरस्त्याला लागलो आणि तो जो समोर गरमीचा काटा असतो, तो चढायला लागला. मी त्याला बोटानं दोनदा टिचकी मारली, उतरला नाही. मला वाटलं काटाच बिघडलाय, कारण जुन्या गाडीत आधी काटे खोटं बोलायला लागतात. थोडं पुढं गेलो तर समोरून वाफ. थांबलो, गार होऊ दिली, प्यायच्या पाण्याची बाटली होती ती रेडिएटरमध्ये ओतली, निघालो. परत वाफ. परत थांबलो. रस्त्याकडच्या शेतात बोअर होती पण वीज गेलेली. बसवकल्याण अजून यायचं होतं, ऊन डोक्यावर आलेलं, तिची बाटली गाडीनं प्यायलेली, आणि माझा हात झाकणाला लागून पोळलेला. हे सगळं ध्यानात घेऊनच पुढचं वाचा.

तिनं तुम्हाला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक नाही, म्हणून मी नेमकं काय बोललो ते लिहून देतो. मी एवढंच म्हणालो की तुझ्या माहेराहून आलेलं सगळं असंच, दिसायला मोठं अन् कामाला कच्चं. (हे वाक्य तिच्यासमोर परत वाचू नका. एकदा ऐकलंय तिनं.) आणि अण्णा, मी ते गाडीला बोललो होतो. बॉनेटकडं तोंड करून बोललो होतो. तिनं मागून विचारलं, "सगळं?" आता माणसाचा हात पोळलेला असताना त्याला असे प्रश्न विचारायचे नसतात. मी म्हणालो, "सगळं."

मग तिनं डबा उचलला, पिशवी उचलली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. मी रस्त्यात आडवा झोपलो तरी जी बस थांबत नाही, ती तिच्यासाठी थांबली. चढताना वळून म्हणाली, "गाडीला सावकाश पाणी पाजा." मला वाटलं खिडकीतून बघेल. ती पलीकडच्या बाजूला बसली.

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून गावात आणली. वेशीतून येताना सगळ्यांनी विचारलं, गाडीला काय झालं. बायको कुठाय असं कुणीच विचारलं नाही, यावरून गावाला कशाची काळजी आहे ते कळतं. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात डॉक्टरांची रांग लागली. ज्याला स्वतःची सायकल पुसता येत नाही तो बॉनेटमध्ये डोकं घालून "हं" म्हणायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिला आमचा धोंडप्पा. माझ्या दुकानाच्या बाकावर बसून दिवस काढणं हा त्याचा धंदा, तुम्ही त्याला पाहिलंय, तुमच्या गाडीचा हॉर्न वाजवून बघणारा तोच. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं की दृष्ट लागलीय, खळ्यावर चार लोकांनी बघितली ना. आपण बसवण्णांची माणसं, आपण दृष्ट मानत नाही, हे मी त्याला सांगितलं. तोही बसवण्णांचाच माणूस, तोही मानत नाही, पण लिंबू-मिरची आणि काळा केसाळ गोंडा त्यानं आधीच खिशातून काढला होता. तो गाडीच्या तोंडाला, जाळीवर, घट्ट बांधला. गाडी आधी चार मैलांवर तापायची, गोंडा बांधल्यावर दोन मैलांवर तापायला लागली. धोंडप्पा म्हणाला, बघा, दृष्ट निघायलीय.

मग गाडी आळंदला खाजामियाँकडं नेली. हा माणूस ट्रकांचा बादशहा, तोंडात पान, हातात पाना. त्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "कुछ नै साब, थर्मोस्टॅट की बीमारी है." थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार, इंजिन गरम झालं की उघडतं. त्यानं ते दारच काढून माझ्या हातात दिलं. म्हणाला, हा थंड मुलखातल्या लोकांचा लाड आहे, अपने इधर नक्को. मला पटलं, कारण आमच्याकडं थंडी कुठाय. सकाळच्या गारव्यात गाडी खजुरीपर्यंत शहाण्यासारखी आली. मी त्या आनंदात दुपारी परत बाहेर काढली, तर शाळेपर्यंत जाऊन वाफ. आता ते दार माझ्या टेबलावर आहे, मी त्यानं पावत्या दाबून ठेवतो.

मग कलबुर्गीला, एका काचेच्या गॅरेजमध्ये. नाव लिहीत नाही, तुम्ही उगाच जाल. तिथं गाडीच्या आधी मालकाला खुर्चीवर बसवतात आणि कागदी कपात कॉफी देतात, तेव्हाच मी ओळखलं की हे कापणार. इस्त्रीच्या शर्टातल्या एका पोरगेल्या साहेबानं गाडीला वायर जोडली. संगणक म्हणाला, दोष काही नाही. साहेब म्हणाला, संगणकाला दिसत नाही म्हणजे दोष आत आहे, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या आत पाणी अन् तेल वेगळं ठेवणारी पट्टी, गेली असणार, इंजिन उघडावं लागेल. मी विचारलं, गॅस्केट गेली की तेलात पाणी उतरतं म्हणतात, तेल बघितलं का? म्हणाला, उघडल्यावर बघू. अण्णा, पोट फाडून मग विचारायचं की दुखतंय कुठं. त्यानं खर्चाचा जो आकडा सांगितला तो मी इथं लिहीत नाही, तुमचंही वय झालं आहे. एवढंच सांगतो की त्यात बैलजोडी आली असती आणि बैल तापत नाहीत. गाडी मात्र त्यांनी वरून फेस लावून धुऊन दिली, आरशासारखी. ती त्यांच्याच फाटकाबाहेर तापली. रोग हाल्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

शेवटी राजपाल मास्तर. आमच्या हायस्कूलला विज्ञान शिकवतात, शांत माणूस, बोलावलं नव्हतं, बियाणं घ्यायला आले होते. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. विचारलं, "गाडी तापायला लागली त्याच्या आधी तिच्याकडून काय काम घेतलं होतं?" आता हा काय प्रश्न झाला? मी म्हणालो, घरचं काम. ते म्हणाले, "इंजिनाची गरमी पाणी घेतं, पाण्याची गरमी हवा घेते. हवेला आत यायला वाट हाय का ते बघा." बघा म्हणजे काय बघा? खजुरीत हवा कमी पडली का? परवा वाऱ्यानं आमच्या शेजाऱ्याचे पत्रे उडाले. मी त्यांना म्हटलं, मास्तर, हवेचं पोरांना शिकवा, इथं गाडीचं चाललंय. ते हसले आणि बियाणं घेऊन गेले. एवढं बोलायला सरकार पगार देतं.

मग मी एकटा बसून विचार केला. (घरात विचार करायला आता भरपूर शांतता आहे. बोलावं तर भिंतीशी, आणि भिंत उलटून बोलत नाही ही एकच तिची चूक.) इंजिन उघडायचं तर बैलजोडीचा खर्च, आणि उघडल्यावर अजून काय निघेल त्याचा भरवसा नाही. म्हातारं इंजिन एकदा उघडलं की ते दर महिन्याला उघडायची सवय लागते. न उघडता ठेवायची तर गोठा अडला आणि म्हैस उन्हात. म्हणून भंगारवाल्याला बोलावला. तो आला, टायर ठोकले, दारं आपटून बघितली, आणि काय ठेवलंय काय नाही बघायला पुढचा खण उघडला. तुमच्या बहिणीचा चष्मा खाली पडला. एका काडीला दोरा गुंडाळलेला, तो मीच गुंडाळून दिला होता, दुकानात नेऊन नीट करतो म्हणून. मी भंगारवाल्याला सांगितलं, आज अमावस्या आहे, आज सौदा नको. तो म्हणाला, अमावस्या कवाच झाली. मी म्हणालो, आमच्यात दोन असतात.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर माझं उत्तम चाललंय. जायच्या आधी तिनं कडक भाकरींची दुरडी भरून ठेवली होती, वर शेंगाची चटणी. कडक भाकरी महिना टिकते, म्हणून मला घाई नव्हती. पण काल हात घातला तर दुरडीचा तळ लागला. आता चुरा राहिलाय. मी चुरा दुधात घालून खातो, म्हैस दूध देईल त्या दिवशी. मला यात कसलीही अडचण नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण तिथं कुणीतरी विचारेल आणि कुणी विचारलं नाही तरी सांगा.

तेव्हा सगळ्याचा विचार करून माझा निर्णय असा. मी ही गाडी दुरुस्त करणार नाही. सदोष वस्तू ज्यानं दिली त्यानं परत न्यावी, हा बाजाराचा नियम आहे, माझ्या दुकानातही तोच आहे. (मी तो पाळत नाही, पण नियम आहे.) तुम्ही ट्रक पाठवा, मी गाडी चढवून देतो, किल्लीवर नारळही ठेवतो. म्हणजे देवाणघेवाण फिटली, कुणी कुणाला बोलायचं कारण उरलं नाही. वडीलधाऱ्यांना नमस्कार, बाळाला आशीर्वाद. माझ्यावर लोभ असेल तर तो तेवढा गाडीच्या ट्रकातून उलटा पाठवावा.

तुमचा
शिवशंकरप्पा

ता. क. पाकीट चिकटवायला खळ शोधत होतो तेवढ्यात गोठ्यातून मोठा आवाज आला. जाऊन बघतो तर म्हैस दावं तोडून आत शिरलेली. एका शिंगानं तिनं गाडीची पुढची जाळी उचकटून काढली होती, धोंडप्पाचा गोंडा पायाखाली, लिंबू खाल्लेलं, आणि तोंड गाडीच्या आत घालून ती निवांत चरत होती. मी म्हटलं ही आता इंजिन खाणार. शेपटी धरून मागं ओढली. आत वाकून बघितलं तर जाळीमागं जो पाणी गार करणारा रेडिएटर असतो, तो दिसतच नव्हता. अण्णा, तिथं तुरीचं भुसकट होतं. पाला, शेंगांची टरफलं, काड्या, सगळं वाफेनं भिजून थापटून बसलेलं, शेणानं सारवल्यासारखं. म्हशीनं खाऊन उरलं ते काढलं तर पाटी भरली. खालच्या कोपऱ्यात दोन दाण्यांना मोड आले होते. मागच्या बाजूनं पाइप लावून पाणी मारलं तेव्हा पलीकडचा उजेड दिसला. जाळी तारेनं बांधली, आणि गाडी घेऊन भर दुपारी निंबर्ग्यापर्यंत गेलो आणि आलो. काटा मध्यावर गेला आणि तिथंच बसून राहिला. मी टिचकी मारून बघितली, हलला नाही. गॅस्केट जागेवर आहे. थर्मोस्टॅट खाजामियाँकडून परत बसवून घेतो. काचेच्या गॅरेजला आणि धोंडप्पाला मी काही सांगणार नाही, त्यांना समजणार नाही. राजपाल मास्तर रस्त्यात भेटले, मी दुसरीकडं बघितलं. आणि गाडी बनवणाऱ्यांना एवढं कळू नये का, की कलबुर्गी जिल्ह्यात गाडी तुरीवरून जाणारच?

ता. क. दुसरा. ट्रक पाठवू नका. हा भाग गाळू नका, हा लक्ष्मम्माला सावकाश वाचून दाखवा, आणि वाचताना वहिनींना तिची पूजा थांबवायला सांगा. खळ्यावर ती म्हणाली होती ते ऐकलं असतं तर गाडी तापली नसती, हे मला म्हशीकडून कळलं. मी रस्त्यात जे वाक्य बोललो त्याचा मी हिशेब लावून बघितला. गाडी तुमच्याकडची, चालते. म्हैस तुमच्या अप्पांकडची, तिनं जे ओळखलं ते तीन शहाण्यांना आणि मला ओळखता आलं नाही. आणि तुमची बहीण गेल्यापासून घरात चहासुद्धा चहासारखा होईना. तुमच्या घरून इकडं आलेलं सगळं कामाला पक्कं निघालं. दिसायला मोठं अन् कामाला कच्चं म्हणावं असं या घरात आता एकच उरलंय, आणि ते इथलंच आहे, खजुरीचं. सोमवारी मी तीच गाडी घेऊन मैलूरला येतो. पाणी भरून, जाळी बांधून, काचेवर विभूती ओढून. चष्म्याच्या काडीला नवा दोरा गुंडाळलाय. ती पुढं बसेल का, एवढं विचारून ठेवा.

ता. क. तिसरा. आम्ही परत येताना तुम्हीही मागोमाग चला, बहिणीला घरापर्यंत पोचवायची रीत आहे. नवी गाडी घेऊन या. अर्धी तूर अजून झाकून ठेवली आहे, आणि तुमच्या नव्या गाडीचे टायर रुंद आहेत असं ऐकतो. लक्ष्मम्मा याला नको म्हणेल. म्हणू द्या, पण निरोप तुम्ही देऊ नका, तिलाच मला फोन करून नको म्हणायला सांगा. फोन मी उशाशीच ठेवतो.